एवढं घरापर्यंत नेऊ

आमच्या गॅरेजच्या जॉबकार्डावर 'ग्राहकाची तक्रार' असा एक रकाना आहे. गिऱ्हाईक जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत तिथं उतरवायचं, आपली अक्कल पाजळायची नाही, ही आबांची, म्हणजे आमच्या थोरल्या मेस्त्रींची शिस्त. त्यामुळे जुन्या फायली चाळायला बसलं की करमणूक होते. 'गाडी खोकते.' 'वळताना दात खाते.' 'सकाळी उठायला कंटाळा करते.' एका कार्डावर तर असं आहे: 'बायको शेजारी बसली की आवाज येतो, मी एकटा असलो की येत नाही.' पोरं दिवसभर हसत होती. पण तो माणूस अगदी बरोबर सांगत होता. डाव्या पुढच्या चाकाच्या लोअर आर्मचं बुश संपलेलं. शेजारच्या सीटवर वजन पडलं की लोखंडाला लोखंड लागायचं. संध्याकाळी ट्रायलला जाताना मी आमच्या सगळ्यात जाड पोऱ्याला शेजारी बसवलं आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला आवाज सापडला.

एक वाक्य मात्र त्या रकान्यात कधीच येत नाही. ते चहा अर्धा झाल्यावर, तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला बाहेर पडतं. माणूस कपाकडे बघत म्हणतो, "तसा दिवा लागलेला ओ. पण म्हटलं, एवढं घरापर्यंत नेऊ."

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गॅरेज चालवतो. गॅरेज आबांचं. उद्यमनगर म्हणजे लेथ, ड्रिल, ढलाईवाले, बोअरिंगवाले यांची वसाहत. इथं एखादा पार्ट मिळाला नाही तर 'मिळत नाही' असं कुणी म्हणत नाही, 'उद्या या' म्हणतात. माझ्याकडे डिप्लोमा आहे, पुण्यात एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून आलोय, भिंतीला स्कॅनर लटकतोय. तरी गल्लीत मी मेस्त्रीच. त्याचं मला वाईट वाटत नाही.

आवाजाच्या तक्रारी हा आमच्या धंद्यातला नाट्यप्रयोग असतो. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी माणसं आमच्याकडे येऊन हुबेहूब आवाज काढतात. एका निवृत्त हेडमास्तरांनी काउंटरपाशी उभं राहून 'कुईंऽऽ' असा स्वर असा लावला की बाहेरची कुत्री उठून बसली. फॅनबेल्ट. थंड सकाळी, गाडी सुरू केल्या केल्या येणारा तो आवाज बहुतेक वेळा फॅनबेल्टचाच असतो. पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी काढताना 'कट-कट-कट' आलं तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट, आणि वेगाबरोबर चढत जाणारी विमानासारखी घरघर असेल तर चाकाचं बेअरिंग. बेअरिंग कुठल्या बाजूचं हे चालवतानाच कळतं: लांब वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो, तेव्हा घरघर वाढली तर ते बाहेरचं चाक. आता लोक मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. त्यात आवाज सोडून सगळं ऐकू येतं.

आणि तीन दिवस आम्हाला नाचवणारा एक आवाज असाही होता. मागून 'गड-गड-गड', तो फक्त ब्रेक मारल्यावर. मागचे ड्रम उघडले, शॉकअप बघितले, सायलेन्सरचे रबर बदलले. तिसऱ्या दिवशी पोऱ्यानं स्टेपनी काढली आणि खालच्या खोलगट जागेतून नारळ निघाला. जोतिबाचा. मालकानं तो कपाळाला लावला, "आम्ही घरभर शोधला की ओ," म्हणाला, आणि घेऊन गेला. लेबर लावावं की नाही यावर आमच्यात दोन दिवस चर्चा चालली.

जोतिबाचा विषय निघालाच आहे तर एसीचं सांगतो. चैत्र यात्रा झाली की पुढच्या आठवड्यात हमखास दोन-चार गाड्या येतात. तक्रार एकच: 'एसी गार करत नाही, गॅस भरा.' डॅशबोर्डचा खण उतरवला की मागं केबिन फिल्टर असतो, पुठ्ठ्याच्या वहीएवढा. तो ओढून काढला की अख्ख्या गॅरेजवर यात्रा उतरते. फिल्टरच्या एकेका घडीत गुलाल बसलेला असतो, नुसता गुलाबी. डोंगरावर गुलालाची उधळण चालू असताना काचा बंद करून, एसी लावून माणसं रांगेत उभी असतात. ब्लोअर बाहेरची हवा ओढतो आणि हवेत गुलालच असतो. मग एसी कितीही थंड असो, हवा आत येणार कुठून?

पण गिऱ्हाइकाला गॅसच भरून हवा असतो. आमच्या धंद्यातली सगळ्यात सोपी कमाई हीच. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि ती गळती न शोधता गॅस भरून देणारा मेस्त्री पुढच्या उन्हाळ्याची तारीख बुक करून ठेवत असतो. 'दरवर्षी भरावाच लागतो' असं कुणी सांगितलं तर त्याला एवढंच विचारा, घरातल्या फ्रीजमध्ये तुम्ही दरवर्षी भरता का.

पुण्याच्या नोकरीत असल्या सोप्या कमाईचा मला चांगला सराव होता. तिथं रोज सकाळी साडेआठला मीटिंग. फळ्यावर आम्हा सर्व्हिस अॅडव्हायझरांची नावं आणि पुढं आकडा. आकडा किती गाड्या दुरुस्त झाल्या याचा नसायचा, एका गाडीमागं सरासरी किती बिल केलं याचा असायचा. एसीचं निर्जंतुकीकरण, ऑइलमध्ये टाकायची बाटली, इंजिन ड्रेसिंग. ड्रेसिंग म्हणजे बॉनेटखालच्या प्लास्टिकवर चकाकी आणणारा फवारा. गाडी द्यायच्या वेळी बॉनेट उघडून दाखवायचं, खालचं सगळं लखलखत असायचं, आणि माणूस खूश होऊन जायचा. एअर फिल्टरचाही एक खेळ होता. वापरलेला फिल्टर मळका दिसणारच. तो गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरून आपण नुसतं 'च्च' करायचं. खरं म्हणजे तो ट्यूबलाइटकडे धरून बघायला हवा. घड्यांमधून उजेड दिसत असेल तर तो अजून चालेल. मी उजेडाकडे धरायचो नाही. सलग दोन महिने फळ्यावर माझं नाव वर होतं.

एकदा गणिताच्या एक निवृत्त बाई आल्या. मी बिलाच्या अंदाजात पाच जादा कामं लिहिली होती. त्यांनी पेन्सिल काढली आणि प्रत्येक ओळीवर टेकवत विचारलं, "हे नाही केलं तर काय होईल?" पहिल्या कामाला मी काहीतरी बोललो. दुसऱ्याला अडखळलो. तिसऱ्याला गप्प. चौथी ओळ ब्रेक ऑइलची होती. तिथं मात्र माझ्याकडे उत्तर होतं आणि मी ते अगदी उत्साहानं दिलं. बाईंनी उरलेल्या चारांवर काट मारली, ब्रेक ऑइल ठेवलं. "याचं तुम्हाला माहीत आहे," म्हणाल्या. त्या महिन्यात फळ्यावर मी खाली गेलो.

ब्रेक ऑइलचं उत्तर मला माहीत होतं ते आबांच्या एका गिऱ्हाइकामुळे. हे गृहस्थ किराणा व्यापारी, पै-पैचा हिशेब ठेवणारे. आंबा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची, पेट्रोल वाचतं, असं त्यांचं गणित. कार्ब्युरेटरच्या काळात त्या गणितात थोडंफार तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर पेट्रोल पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला टाकलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे गृहस्थ वाचवत नव्हते, खर्च करत होते. वर सगळा भार ब्रेकवर. त्या दिवशी अर्ध्या घाटात पेडल मऊ लागायला लागलं. आधी लोण्यासारखं, मग सरळ तळाला टेकलं. गिअर टाकून, हँडब्रेक ओढत, डोंगराच्या बाजूनं घासत त्यांनी कशीबशी गाडी साखरप्याच्या अलीकडे उभी केली. गाडीत सासूबाई होत्या. पुढची दहा वर्षं ही गोष्ट आम्ही त्यांच्याकडूनही ऐकली.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्याकडे आली तेव्हा पेडल दगडासारखं कडक. गृहस्थ म्हणाले, "बघा आबा, आता काहीच न्हाई. उगं घाबरलो असणार." आबांनी झाकण उघडून काडी बुडवली. नवं ब्रेक ऑइल फिक्कट पिवळं असतं. हे निघालं काकवीसारखं. ब्रेक ऑइल हवेतली ओल पीत राहतं, तो त्याचा स्वभावच. साध्या डॉट ३ चा उकळबिंदू कोरं असताना २०५ अंश असतो, पाणी मुरलं की तो १४० पर्यंत उतरतो. घाटात ब्रेक तेवढे सहज तापतात. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय खाली जातो पण चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. रात्रभर गार झालं की वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल कडक. दोष सकाळी गायब. म्हणूनच तो धोक्याचा. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. गाडीच्या आयुष्यात ते एकदाही न बदललेली माणसं मला आठवड्याला भेटतात. तीच माणसं इंजिन ड्रेसिंगला नाही म्हणत नाहीत.

आता आंब्यांची गोष्ट. 'घरापर्यंत'चा यापेक्षा चांगला नमुना माझ्याकडे नाही.

मे महिना. एक बँकेतले साहेब, बायको, दोन मुलं आणि देवगडच्या हापूसच्या सहा पेट्या. करूळ घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकायला लागला. गगनबावड्याला आल्यावर त्यांनी गाडी थांबवली, इथपर्यंत सगळं बरोबर. बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही, हेही नशीब. तापलेल्या रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभरच्या वरही ते उकळत नाही. झाकण सैल केलं की त्याच क्षणी सगळं उकळून अंगावर येतं, आणि असे भाजलेले हात मी बघितलेत. साहेबांनी शेजारची प्लास्टिकची बाटली उघडली, प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या तिच्यात ओतल्या आणि निघाले. त्या गाडीत ती बाटली म्हणजे नुसतं राखीव भांडं. इंजिन गार होऊन ओढून घेईपर्यंत त्यातलं पाणी आत जात नाही. गाडी अर्धा तास उभी ठेवली असती तरी चाललं असतं. पण मुलं कंटाळलेली, ऊन चढलेलं, आणि कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर.

असळजच्या पुढं काटा पुन्हा लाल पट्टीला गेला. साहेबांनी एसी बंद केला. आणि साळवण सोडल्यावर चमत्कार झाला. काटा आपोआप खाली यायला लागला. आधी मधोमध आला, मग त्याच्याही खाली. "मी हिला म्हटलं, बघ, उतरला," साहेब मला सांगत होते. कळ्याच्या अलीकडे इंजिन 'घर्र' करून थांबलं ते थांबलंच.

काटा खाली का आला, तर तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो आणि तो पाण्याचंच तापमान सांगतो. पाणी होतं तोवर त्यानं बोंब मारली. पाणी संपलं, सेन्सर कोरडा पडला, आणि सांगायला काही उरलं नाही. ज्या क्षणी साहेबांना हायसं वाटलं त्याच क्षणी इंजिनात पाण्याचा थेंब नव्हता.

हेड उतरवलं तेव्हा साहेब शेजारी उभे होते. ते अॅल्युमिनियमचं असतं, तापलं की वाकतं. आमच्याकडे पोलादी सरळपट्टी असते. ती हेडवर आडवी ठेवायची आणि खालून फीलर गेजची पातळ पातळ पाती सरकवून बघायची. त्या इंजिनाला ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालतं. ते पातं गेलं. ०.१० गेलं. दोन मधल्या सिलिंडरांच्या बरोबर मध्ये ०.२० चं पातं लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. साहेबांनी चष्मा काढून वाकून पाहिलं. "एवढ्याशानं?" म्हणाले. मी डिपस्टिक दाखवली. तिच्यावर ऑइल नव्हतं, दुधाचा चहा होता. हेड गॅस्केट फुटून पाणी ऑइलमध्ये शिरलेलं.

मूळ दुखणं काय होतं? वॉटर पंप. त्याची पाती गंजून निम्मी झडलेली. कारण त्या गाडीत चार वर्षं कूलंट गेलंच नव्हतं, पेट्रोल पंपावरचा पोऱ्या टाकायचा ते नळाचं पाणी होतं. कूलंटला लोक 'गार करणारं औषध' समजतात, पण त्याचं निम्मं काम गंज रोखण्याचं आहे. कूलंटचा डबा काही शे रुपयांचा. त्या इंजिनाचं बिल किती झालं ते लिहीत नाही, साहेब हे वाचतील. आंबे मात्र सगळे शाबूत होते. एक पेटी त्यांनी आम्हाला दिली. अर्थात बिल बघायच्या आधी.

घाटात काटा चढायला लागला तर एक जुना उपाय आहे, तो ऐकून लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. एसी बंद करायचा, काचा खाली घ्यायच्या आणि हीटर पूर्ण लावायचा, ब्लोअर जोरात. मे महिन्यात, होय. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो तुमच्या अंगावर ओततो. जागा मिळेपर्यंत तेवढ्यानं निभतं. जागा मिळाली की थांबायचं, आणि काटा लाल पट्टीत पोचला असेल तर जागा बघत बसायचंच नाही.

आबांच्या तरुणपणी गाड्या एवढ्या शहाण्या नव्हत्या, पण बोलायच्या मोठ्यानं. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी उन्हाळ्यात फोंडा घाटात हमखास बसायची. तिचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच चिकटलेला. तो तापला की पेट्रोलची आतच वाफ, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. उपाय एकच, ओलं फडकं. प्रत्येक पद्मिनीवाल्याच्या सीटखाली पाण्याची बाटली आणि फडकं असायचं. ते पंपावर टाकून विडी संपेपर्यंत थांबलं की गाडी चालू. आताच्या गाड्यांचा पंप टाकीत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला गार ठेवतं. ज्यांची गाडी कायम रिझर्व्हवर फिरते, त्यांचे पंप आमच्याकडे लवकर येतात. पाव टाकी भरलेली असणं हेच आजचं ओलं फडकं, असं मी सांगून बघतो. लोक म्हणतात, पेट्रोलचे भाव बघितलासा का.

उंदरांचं सांगितलं नाही तर पोरं रागावतील. लॉकडाउननंतर २०२० च्या पावसाळ्यात आमच्याकडे जे आलं त्यात निम्म्या गाड्यांची बॅटरी उतरलेली, आणि राहिलेल्यांत उंदीर. एक माळकरी कुटुंब आहे, घरात कांदा-लसूणही जपून. त्यांची गाडी मिसिंग करत आली. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या शेजारी घरटं: लग्नपत्रिकेचे तुकडे, बॉनेटच्या आतल्या अस्तराचा कापूस, आणि वर मधोमध कोंबडीची तंगडी. वडील शांतपणे मुलाकडे बघू लागले. मुलगा शपथा घ्यायला लागला. हाड उंदीर आणतो, कोपऱ्यावरच्या हॉटेलाच्या कचऱ्यातून, हे मी चार वेळा सांगितलं. कितपत पटलं माहीत नाही. इंजेक्टरची वायर मात्र दोन ठिकाणी कुरतडलेली होती.

यावर कोल्हापुरी उपाय तंबाखू. निपाणी हाकेच्या अंतरावर, पानं मिळायला काय तोटा? फडक्यात पुरचुंडी बांधून बॅटरीजवळ ठेवतात. काही दिवस वास राहतो तोवर उंदीर लांब राहतात, पुरचुंडी वाळली की येतात. आमच्याकडे एका गाडीत उंदरानं त्या फडक्याचंच घरटं केलं होतं. दोन-तीन दिवसांआड गाडी चालवणं आणि पार्किंगमध्ये कचऱ्याचा डबा शेजारी नसणं, याच्यापुढं मला अजून उपाय सापडलेला नाही.

२०१९ चा ऑगस्ट मात्र हसण्यासारखा नव्हता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांवर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस बंद. फोन चालू होता तोवर मी एकच वाक्य बोलत होतो: सेल्फ मारू नका. पाणी उतरलं तरी मारू नका. चावी गाडीपासून लांब ठेवा.

एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी शेजारी बुडाल्या होत्या. पाणी तेच, दिवस तेवढेच. एकीचा मालक पुण्यात अडकला होता, त्यामुळे तिला कुणी हात लावला नाही. दुसरीचा मालक वरच्याच मजल्यावर. पाणी उतरताच चिखलातून तो खाली आला आणि निव्वळ बघायला म्हणून एकदा बटण दाबलं. एकदाच. 'टक्' असा आवाज आला म्हणे.

पहिल्या गाडीचे प्लग काढून आम्ही पान्यानं इंजिन हातानं फिरवलं, मग प्लग बाहेरच ठेवून सेल्फ दिला. प्लगच्या भोकांतून पंचगंगा पत्र्यापर्यंत उडाली. ऑइल तीनदा बदललं, सीट उन्हात, वायरिंगचे सॉकेट एकेक करून पुसले. दहाव्या दिवशी ती सुरू झाली आणि आजही पळते. दुसरीत सिलिंडरमध्ये पाणी होतं आणि पिस्टन वर आला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कुणीतरी वाकायलाच हवं होतं, कनेक्टिंग रॉड वाकला. वरून विम्याचा माणूस आला. पुरात बुडून झालेलं नुकसान तो मांडत गेला आणि इंजिनापाशी थांबला. बुडालेलं इंजिन सुरू करायला गेल्यामुळे जे मोडतं, ते साध्या पॉलिसीत बसत नाही, इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. त्या मालकानं मला विचारलं, "एकदाच दाबलं ओ. एकदाच." मी काय बोलणार?

आता आमची चूक सांगतो. आमची म्हणजे माझीच.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची सुट्टी. आबांनी मला ऑइल बदलायच्या कामाला लावलेलं. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, त्यांची पांढरी मारुती ८०० आली. ऑइल उतरवलं, जुना फिल्टर काढला, नवा बसवला, हातानं घट्ट आवळला, ऑइल भरलं. गाडी सुरू करून मिनिटभर बघितली, थेंब नाही. मामा पैसे देऊन गेले.

वीस-पंचवीस मिनिटांनी मामा चालत परत आले. मार्चचं ऊन, डोक्यावर रुमाल, हातात चावी. "मेस्त्री," ते आबांना म्हणाले, "तांबडा दिवा लागला. दाभोळकर कॉर्नरला गाडी बंद करून आलोय."

"लागल्यावर किती चालवली?"

"लागला तितंच बंद केली."

त्यांचं घर शाहूपुरीत. दाभोळकर कॉर्नरपासून गाडीनं दोन मिनिटं.

ऑइलच्या डब्याचं चित्र असलेला तो लाल दिवा ऑइल किती आहे हे सांगत नाही, ऑइलचा दाब गेला हे सांगतो. दाब गेला की क्रँकच्या बेअरिंगमध्ये धातूला धातू लागायला फार वेळ लागत नाही. पिवळा दिवा वेगळा. इंजिनाचं चित्र पिवळं आणि स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत येता येतं. तोच दिवा लुकलुकायला लागला तर थांबावं, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असतं. पण लाल म्हणजे आत्ता आणि इथंच. हे मी आज लिहितोय. त्या दिवशी मी आबांच्या मागं स्कूटरवर बसून रस्त्यावरची काळी रेघ बघत होतो. उद्यमनगरातून निघून गाडीपर्यंत गेलेली.

आबांनी गाडीखाली आडवं होऊन फिल्टर फिरवून काढला आणि हात बाहेर काढून मला दाखवला. नव्या फिल्टरला नवी रबरी रिंग होती. तिला चिकटून जुनी रिंगही होती. जुना फिल्टर काढताना त्याची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली, मी बोट फिरवून बघितलं नाही, आणि एकावर एक दोन रिंगा बसवल्या. गाडी जागेवर गळत नाही. रस्त्यावर दाब वाढला की वरची रिंग सरकते आणि मिनिटभरात चेंबर रिकामं. आबा मला काही बोलले नाहीत. मामांना मात्र म्हणाले, "तुमी घरापर्यंत नेली असती तर माझं गॅरेज विकायला लागलं असतं."

"एसटीत दिवा लागल्यावर गाडी पुढं नेली, तर डेपो मॅनेजर घर दाखवायचा," मामा म्हणाले.

इंजिनाला काही झालेलं नव्हतं. आबांनी पुन्हा भरलेल्या ऑइलचे पैसे घेतले नाहीत आणि मामांनी ते देण्याचा आग्रहही केला नाही.

मामा आता ऐंशीच्या पुढचे आहेत. ८०० गेली, मुलाची गाडी आहे, पण ऑइल बदलायला बरोबर तेच येतात. काम झालं की डिकीतून एक पुठ्ठा काढतात, इंजिनाखाली अंथरतात आणि गाडी चालू ठेवून स्टुलावर बसतात. मधे मधे अॅक्सिलरेटर दाबायला मुलाला सांगतात. आमची पोरं नवी आहेत, त्यांना हा प्रकार अपमानाचा वाटतो. मी गप्प बसतो. पंधरा मिनिटांनी मामा पुठ्ठा ओढून उन्हात धरतात, दोन्ही बाजूंनी बघतात, घडी घालून परत डिकीत ठेवतात. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "हं. आता चहा सांगा."